आभासी जगातील जमीन कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यांवर किंचित स्मित उमटले, ते मी पाहिले. पाणीटंचाई, कंत्राटी कामगारांची ससेहोलपट, बंद पडत चाललेल्या शाळा हे प्रश्न समोर असताना संगणकाच्या पडद्यावरील कल्पित गावांविषयी तासभर बोलायचे, ही चैन आहे असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. शिवाय अशा गोष्टींसाठी आपल्याकडे एक तयार शब्द आहे : पलायनवाद. तो उच्चारला की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. मला तो शब्द आज बाजूला ठेवायचा आहे. कोट्यवधी माणसे, आणि त्यांत आपल्या घरांतील मुलेही आली, जेथे रोज काही तास घालवतात, घरे बांधतात, मैत्री जोडतात, भांडतात, सभा भरवतात आणि क्वचित संपही करतात, त्या ठिकाणाचा विचारच न करणे ही चैन मला अधिक महाग वाटते.

हे जग म्हणजे नेमके काय, ते आधी सांगतो. संगणकावरचा साधा खेळ आणि ऑनलाइन आभासी जग यांत एक मूलभूत फरक आहे. खेळ आपण सुरू केला की सुरू होतो आणि बंद केला की थांबतो. आभासी जग आपण निघून गेल्यावरही चालू राहते. आपण झोपलेले असताना तेथे कोणीतरी भिंत उभारीत असतो, कोणाचा विवाह लागत असतो, कोणाचे भांडण मिटत असते. दुसऱ्या दिवशी परतावे तर गावात बदल झालेला दिसतो. अशा जगात हजारो माणसे एकाच वेळी वावरत असतात, एकमेकांना पाहू शकतात, बोलू शकतात. आणि हे सारे कोणाच्या तरी मालकीच्या यंत्रांवर साठविलेले असते. ही शेवटची गोष्ट आपण लक्षात ठेवावी; तिच्याकडे मी परत येणार आहे.

'आभासी' हा शब्द मराठीत रूढ झाला आहे म्हणून मी तो वापरतो; पण तो काहीसा फसवा आहे. आभास म्हटले की आपल्याला दोरीच्या जागी दिसणारा साप आठवतो, उजेड पडला की नाहीसा होणारा. पडद्यावरचे घर तसा साप असेलही. त्या घरात बसून दोन माणसांनी एकमेकांना सांगितलेले दुःख मात्र खरेच असते.

गंमत अशी की या जगांचा सर्वांत महत्त्वाचा पारिभाषिक शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेच्या संगणक-खेळ विभागाने 'हॅबिटॅट' नावाचे जग चाचणीसाठी खुले केले. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे शिल्पकार. कमोडोर ६४ हा घरगुती संगणक टेलिफोनच्या तारेने जोडायचा आणि पडद्यावरच्या नगरात शिरायचे, अशी व्यवस्था. तेथे आपल्या वतीने हिंडणाऱ्या आकृतीला त्यांनी 'अवतार' असे नाव दिले, आणि आज जगभर तोच शब्द चालतो. देव पृथ्वीवर उतरतो तो अवतार. येथे मनुष्य यंत्रात उतरतो. तळकोकणातल्या श्रोत्यांना दशावतारी नाटक वेगळे सांगायला नको. लिखित संहिता नाही, संवाद रंगमंचावरच सुचायचे, रंगभूषा ज्याची त्याने करायची. रात्रभर राजा होऊन दरबार गाजविणारा नट पूर्वी सकाळी डोक्यावर ओझे घेऊन पुढच्या गावाची वाट धरी, नाटकांचा हंगाम सरला की शेतात राबतो. त्याला आपण कधी पलायनवादी म्हटले नाही. दुसरे कोणी होऊन पाहण्याची भूक माणसाला आहे, आणि त्या भुकेतून कला निर्माण होते, हे आपण देवळाच्या अंगणात बसून मान्य केले. संगणकासमोर बसलेल्या पोराच्या बाबतीत मात्र मान्य करायला कचरतो.

हॅबिटॅटच्या कर्त्यांनी आपले अनुभव १९९० मध्ये एका परिषदेत मांडले. नियोजनावर श्रद्धा असलेल्या आपल्यासारख्यांनी ते अवश्य वाचावेत. त्यांनी आठवडेच्या आठवडे खर्चून रहिवाशांसाठी एक शोधमोहीम रचली; एका बहाद्दराने ती काही तासांतच सोडविली, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना ती सुरू झाल्याचा पत्ताही लागला नव्हता. एका यंत्रात ७५ नाण्यांना मिळणारी बाहुली दुसऱ्या यंत्राकडे १०० नाण्यांना विकता येते, हे काही जणांच्या ध्यानात आले आणि एका रात्रीत त्या जगातील चलन पाचपट झाले. पण त्या नवश्रीमंतांनी ते धन इतरांसाठी मोहिमा रचण्यात आणि बक्षिसे वाटण्यात घालविले, हेही सांगितले पाहिजे. तपशीलवार केंद्रीय नियोजन येथे अशक्य आहे, त्याचा नाद सोडावा, असा धडा कर्त्यांनी काढला. बाजारवादी मंडळी या धड्याने खूष होतात. मला त्यातली बाजाराची बाजू गौण वाटते. रहिवाशांना काय हवे आहे हे वरून ठरविता येत नाही, त्यांनी स्वतः काय चालविले आहे ते पाहून त्याला हात द्यावा लागतो, हे तर ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला ठाऊक असते.

या परंपरेचे मूळ आणखी मागे, इंग्लंडमध्ये आहे. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांनी बांधलेले जग निर्माण केले. चित्र नाही, ध्वनी नाही; 'आपण एका अरुंद वाटेवर उभे आहात' अशा धर्तीची वाक्ये पडद्यावर उमटायची आणि खेळणाऱ्याने शब्दांनीच उत्तर द्यायचे. बाहेरच्या लोकांना विद्यापीठाचा संगणक मोकळा मिळे तो मध्यरात्र उलटल्यावर, दोन वाजल्यापासून पहाटेपर्यंत. तेवढ्यासाठी माणसे जागत. बार्टल नंतर अनेकदा सांगत आला आहे की त्या निर्मितीमागे राजकीय भूमिका होती. जेथे माणसाचे घराणे आणि त्याचे उच्चार यांवरून त्याची पायरी ठरते, त्या समाजातील दोन सामान्य घरांतल्या मुलांना असे जग हवे होते, की जेथे प्रत्येकजण सारख्याच रिकाम्या हातांनी प्रवेश करील आणि पुढे जाईल तो स्वतःच्या कर्तबगारीवर. जन्माच्या पायरीचा प्रश्न आपल्याला इंग्रजांकडून शिकण्याची गरज नाही. म्हणून त्या आकांक्षेचे मोल आपल्याला तरी लवकर कळावे.

आता सर्जनाच्या बाजूविषयी थोडे विस्ताराने बोलतो, आणि त्यासाठी एकच उदाहरण घेतो : 'सेकंड लाइफ'. फिलिप रोझडेल याने १९९९ मध्ये स्थापन केलेल्या लिंडेन लॅब या कंपनीने जून २००३ मध्ये हे जग खुले केले. त्यात जिंकायचे काही नव्हते, राक्षस नव्हते, गुण नव्हते. कंपनीने दिली ती जमीन, पाणी, आकाश आणि काही प्राथमिक आकार : घन, गोल, वृत्तचिती. हे आकार ताणायचे, पिळायचे, पोखरायचे, एकमेकांना जोडायचे, त्यांवर रंग आणि पोत चढवायचा. शिवाय कोणत्याही वस्तूला लहानशी आज्ञावली जोडून तिला वर्तन देता येई : दार उघडावे, पक्षी उडावा, वाद्य वाजावे. बाकीचे सारे रहिवाशांनी घडविले. शहरे, मशिदी, जहाजे, कपड्यांची दुकाने, नाट्यगृहे, कोठेच नसलेली जंगले. ज्याने आयुष्यात विटेला हात लावला नाही तो मनुष्य आठवडाभर खपून घुमट बांधी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवी. या कामाचे अर्थशास्त्र नंतर पाहू. आधी त्यातला आनंद ओळखला पाहिजे. ज्या श्रमात हेतू आपला, साधन आपल्या हाती आणि फळ डोळ्यांसमोर, असा श्रम कारखान्यात आणि कचेरीत बहुसंख्य माणसांच्या वाट्याला येत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या आज्ञेत राबलेला कारकून रात्री संगणकावर बसून पुन्हा कामच करतो, आणि त्यात रमतो, हे पाहून आपण त्याला हसावे, की दिवसाच्या कामाची चौकशी करावी?

टॉम बोएल्स्टॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ पूर्वी इंडोनेशियात क्षेत्रकार्य करीत असे. त्याने २००४ ते २००७ या काळात सेकंड लाइफमध्येच राहून, तेथे घर करून, एखाद्या टोळीचा वा गावाचा अभ्यास करावा तसा त्या समाजाचा अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात शेजारधर्म आहे, मत्सर आहे, औदार्य आहे, एकमेकांना घर बांधायला शिकविणे आहे. अपंग व्यक्तींनी तेथे एक बेट उभे केले. नवागताला वावरायला शिकविण्याची सोय तेथे आहे. काही जण तेथे नाचतात, काही मुद्दाम चाकांच्या खुर्चीतच बसलेला अवतार घेतात, कारण ती खुर्ची त्यांना आपल्या व्यक्तित्वाचा भाग वाटते. दोन्ही निवडी त्यांच्या स्वतःच्या असतात, हे महत्त्वाचे.

नॉर्वेतील मॅट्स स्टेन याची हकीकत आता बरीच प्रसिद्ध आहे. स्नायूंचा क्षय होत जाणाऱ्या असाध्य विकाराने तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. शेवटची वर्षे त्याने बहुतेक 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या जगात घालविली. आपला मुलगा मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडणे यांतले काही न अनुभवता गेला, हे आईवडिलांचे मोठे दुःख होते. वडिलांनी त्याच्या निधनाची वार्ता तो जेथे लिहीत असे तेथे प्रसिद्ध केली, आणि निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. इबेलिन या नावाने तो तेथे वावरत होता. त्याने कोणाची समजूत घातली होती, कोणा आईला मुलाशी बोलायचा मार्ग सुचविला होता. अंत्यविधीला परदेशांतून माणसे आली. त्यांतल्या कोणी त्याला प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. २०२४ मध्ये त्याच्यावरील माहितीपट सर्वत्र दाखविला गेला. हे ऐकून कोणी म्हणेल की अपवाद सांगू नका. ठीक आहे. पण आपल्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या तरुणांना भेटायला महिन्यातून किती जण जातात, याचीही मोजदाद त्याच वेळी करावी.

मी एवढे म्हणालो म्हणून या जगांत समता नांदते असा समज करून घेऊ नये. मोकळे शरीर निवडायला मिळाल्यावर माणसांनी मोठ्या संख्येने गोरी, सडपातळ, तरुण शरीरे निवडली. आपल्या मनातली उतरंड माणूस सोबतच घेऊन जातो. आणि सत्तेचा प्रश्न तर पहिल्या दिवसापासून आहे.

शब्दांनीच बांधलेल्या 'लँब्डामू' या जगाचा इतिहास त्या दृष्टीने बोधप्रद आहे. पॅव्हेल कर्टिस याने ते १९९० मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रातून चालू केले. यंत्रावर पूर्ण ताबा असलेल्या व्यवस्थापकांना तेथे 'मांत्रिक' म्हणत. कंटाळून या मांत्रिकांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले की यापुढे आम्ही फक्त यंत्र सांभाळू, तुमचे तंटे तुम्ही सोडवा. काही महिन्यांतच एका खेळाडूने एक क्लृप्ती वापरून इतरांच्या पात्रांकडून, त्यांच्या इच्छेविरुद्ध, किळसवाणी कृत्ये घडविल्याचे दाखविले. शब्दच ते, पण ज्या स्त्रीच्या पात्राबाबत हे घडले, ती आपला निषेध लिहिताना रडत होती. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने १९९३ मध्ये हा वृत्तान्त लिहिला. सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय झाला नाही. अखेर एका मांत्रिकाने स्वतःच्या अधिकारात त्या पात्राचा निकाल लावला. त्यानंतर कर्टिसने अर्ज आणि मतदान यांची पद्धत घालून दिली, म्हणजे लोकशाहीच म्हणा. ती साडेतीन वर्षेही टिकली नाही. १९९६ मध्ये मांत्रिकांनी सांगून टाकले की यंत्राचा निर्णय आणि समाजाचा निर्णय असे दोन कप्पे करता येत नाहीत, आणि सूत्रे पुन्हा हाती घेतली. ज्याच्या हाती विजेची कळ, त्याच्याच हाती अखेरचा शब्द. निवडणुका घेऊनही हे बदलले नाही, कारण कळ मतदारांच्या हाती कधी आलीच नव्हती.

आता जमिनीकडे वळू. सेकंड लाइफमध्ये प्रारंभी बांधलेल्या प्रत्येक वस्तूवर कर असे. जो अधिक बांधील त्याला अधिक कर; म्हणजे सर्जनावरच कर. २००३ च्या उन्हाळ्यात रहिवाशांनी बॉस्टनच्या इतिहासाची आठवण करून देत चहाच्या खोक्यांचे ढीग रचून बंड केले. कंपनीने वर्षअखेरीपर्यंत तो कर काढून टाकला, आणि रहिवाशाने घडविलेल्या वस्तूवरील बौद्धिक स्वामित्व त्याचेच राहील असे घोषित केले. हा मोठाच विजय होता. पण त्याच वेळी उत्पन्नाचे साधन बदलले : आता जमीन विकायची आणि तिच्यावर दरमहा आकार घ्यायचा. नोव्हेंबर २००६ पासून नव्या खासगी बेटासाठी आरंभी १,६७५ डॉलर आणि पुढे दरमहा २९५ डॉलर पडू लागले. बेटाचा आकार ६५,५३६ चौरस मीटर. पण यंत्रातल्या जमिनीला मर्यादा कसली? कळ दाबली की आणखी एक बेट. टंचाई नसलेल्या वस्तूचे भाडे आकारायचे तर टंचाई आधी निर्माण करावी लागते.

या रचनेसाठी इंग्रजी अर्थशास्त्रापेक्षा आपला रत्नागिरी-कुलाब्याचा शब्दसंग्रह अधिक नेमका आहे. कंपनी ही खोत. रहिवासी हे कूळ. जमीन ते खुलवतात, वर झाडे लावतात, घर बांधतात, आणि त्या मेहनतीमुळेच आसपासच्या जमिनीला मोल चढते. मध्ये मोठमोठी बेटे घेऊन तुकड्यांनी भाड्याने देणारे मध्यस्थ. अशा मध्यस्थीतून 'अँशे चुंग' या अवतारामागील बाई एवढ्या श्रीमंत झाल्या की मे २००६ मध्ये अमेरिकेच्या 'बिझनेसवीक' साप्ताहिकाने त्या अवताराचे चित्र मुखपृष्ठावर छापले. अवास्तव व्याजाचे आमिष दाखविणारी पेढीही तेथे निघाली आणि २००७ मध्ये बुडाली, ठेवीदारांचे सुमारे साडेसात लाख डॉलर घेऊन. जानेवारी २००८ पासून कंपनीने परवानाधारक नसलेल्या पेढ्यांना बंदी केली. आपल्याकडच्या ठेवीदारांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

कुळाला हक्क काय? पेनसिल्व्हेनियातील एका वकील रहिवाशाचे खाते बंद करून कंपनीने त्याची जमीन काढून घेतली, तेव्हा तो न्यायालयात गेला. मे २००७ मध्ये न्यायालयाने म्हटले की सक्तीच्या लवादाची कंपनीची अट एकतर्फी आणि अन्याय्य आहे, ती बंधनकारक नाही. मूळ प्रश्नाचा निकाल लागण्यापूर्वीच उभयपक्षी तडजोड झाली. पुढे कंपनीच्या अटींत स्पष्टच लिहिले गेले की ज्याला जमीन म्हणतात तो वापराचा मर्यादित परवाना आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून खोतांशी झुंज दिली, तेव्हा त्यांच्या पायांखाली निदान माती होती; खोताला ती पुसून टाकता येत नव्हती.

आणि राबणारे हात? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील सुवर्णनाणी कष्टाने मिळतात. श्रीमंत देशांतील खेळाडूंना कष्ट नको असतात. म्हणून चीनमध्ये नाणी गोळा करण्याच्या कार्यशाळा निघाल्या. डिबेलनेच २००७ मध्ये नानजिंगमधील अशा जागेचे वर्णन केले : बारा-बारा तासांच्या पाळ्या, ताशी सुमारे तीस सेंट मजुरी. याच कामगारांना तिकडचे हौशी खेळाडू चिनी म्हणून हेरून, हिणवून, पडद्यावर ठार करीत. २०११ मध्ये एका चिनी श्रमछावणीतून सुटलेल्या कैद्याने 'गार्डियन' पत्राला सांगितले की दिवसा दगड फोडल्यावर रात्री त्यांच्याकडून हेच काम करून घेतले जाई. एकाचा खेळ हा दुसऱ्याची वेठ असू शकतो.

मुलांच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'रोब्लॉक्स'वर २०२४ मध्ये दररोज सरासरी आठ कोटींहून अधिक जण येत होते. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा. तेथले खेळ कंपनी करीत नाही, वापरणारेच करतात. हे सर्जन खरे आहे. दहा-बारा वर्षांची मुले त्यातून आज्ञावली लिहायला शिकतात आणि मला त्याचे कौतुक आहे. पण हिशेब पाहा. एक लाख नाणी विकत घ्यायला हजार डॉलरच्या घरात पैसे पडत, आणि तीच एक लाख नाणी कमावलेल्या निर्मात्याने कंपनीला परत केली तर अनेक वर्षे त्याला ३५० डॉलर मिळत. तेही ठरावीक किमान संख्या जमल्यावर. यंत्रांचा खर्च असतो हे मान्य; तरीही ज्याने खेळ घडविला त्याच्या पदरी एवढे कमी पडावे, आणि तो अनेकदा अल्पवयीन असावा, याला बालमजुरी म्हणायचे की छंद, हा प्रश्न टाळता येणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेवरूनही या कंपनीवर खटले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्याने असा खटला भरला.

फेसबुकने २०२१ मध्ये आपले नाव बदलून 'मेटा' केले आणि अशा जगांवर पैसा ओतला, त्याविषयी थोडक्यात सांगतो. त्या विभागाचा तोटा एकट्या २०२२ मध्ये १३ अब्ज ७० कोटी डॉलर होता. त्यांच्या जगातील अवतारांना प्रारंभी पायच नव्हते. २०२३ मध्ये ते आले. भांडवल ओतून गाव वसत नाही, एवढेच त्यातून मला दिसते. लोकांना स्वतः बांधायचे असते. 'माइनक्राफ्ट'मध्ये ठोकळ्यांवर ठोकळे रचणे एवढेच आहे, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटी प्रती विकल्या गेल्या. त्याच ठोकळ्यांतून मार्च २०२० मध्ये 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने एक ग्रंथालय उभे करविले. सव्वा कोटी ठोकळ्यांचे. आणि आत, जमाल खाशोग्जींसह, ज्यांचे लेखन त्यांच्या देशांत दडपले गेले त्यांचे लेख. वर्तमानपत्रावर बंदी असलेल्या देशात खेळावर बंदी नसते, हे ओळखणाऱ्याच्या बुद्धीला दाद दिली पाहिजे.

आता संपाची गोष्ट. कामगार चळवळीच्या इतिहासात तिला एखादे पान मिळायला हवे. २००७ मध्ये आयबीएम कंपनीच्या इटलीतील कामगारांनी माफक वेतनवाढ मागितली. उत्तर म्हणून व्यवस्थापनाने वर्षाकाठी सुमारे एक हजार युरोंचा उत्पादकता-भत्ताच काढून घेतला. संप करावा तर कसा? दारावर निरोधन करायला गिरणीचे दार नाही. कामगार विखुरलेले, पुष्कळांचे काम ग्राहकांच्या कचेरीत किंवा घरून. मात्र कंपनीला एका ठिकाणी आपली प्रतिष्ठा फार जपायची होती. सेकंड लाइफमध्ये तिने बेटे घेतली होती. २००६ च्या नोव्हेंबरात तिचे प्रमुख बीजिंगमधून बोलत असताना त्यांचा अवतार तेथल्या चिनी राजवाड्याच्या प्रतिकृतीत वावरत होता. आणि नोकरांच्या अवतारांनी कसे वागावे याची नियमावलीही २००७ मध्ये निघाली होती. मिलानजवळच्या विमेरकाटे येथील कामगार प्रतिनिधींनी, जागतिक कामगार महासंघ 'युनी'च्या साहाय्याने, २७ सप्टेंबर २००७ ही तारीख ठरविली. ज्यांनी आयुष्यात हे जग पाहिले नव्हते अशा कामगारांना अवतार घ्यायला, चालायला, फलक धरायला शिकविले गेले. त्या दिवशी सुमारे ३० देशांतून १,८०० हून अधिक जण कंपनीच्या बेटांवर जमले. कोणी कामगाराच्या वेषात, कोणी चक्क केळे होऊन. कंपनीने आपले एक केंद्र बंद केले. पुढच्या काही आठवड्यांत इटलीतील सर्वोच्च व्यवस्थापकाने पद सोडले आणि नव्या करारात तो भत्ता परत आला.

हे सारे केवळ त्या निदर्शनामुळे घडले असे मी म्हणणार नाही. वाटाघाटी आणि संघटनेचे बळ मागे होतेच. परंतु तेथे एक गोष्ट सिद्ध झाली. इटलीतल्या कामगाराच्या शेजारी दूरदेशीचा कामगार उभा राहिला, आणि दोघांना एकमेकांची उपस्थिती जाणवली. अर्जावर सही करणे आणि शेजारी उभे राहणे यांत अंतर आहे. एकत्र उभे राहण्याचा तो अनुभव या जगांच्या सामाजिक आकर्षणाचा गाभा आहे. मॅट्स स्टेनच्या मित्रांना जे मिळाले तेच संपकऱ्यांनाही मिळाले.

शेवटी मालकाने दिवे मालवले तर काय, हा प्रश्न राहतो. फेब्रुवारी २००४ मध्ये 'उरू' नावाचे जग कंपनीने बंद केले तेव्हा रहिवासी एकत्र थांबून राहिले, आणि मग दुसऱ्या जगांत जाऊन त्यांनी आपल्या नगराच्या खुणा पुन्हा बांधल्या. ते स्वतःला निर्वासित म्हणवीत. सीलिया पीअर्स या संशोधिकेने त्यांच्यावर २००९ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे उरूची आज्ञावली २०११ मध्ये खुली करण्यात आली. सेकंड लाइफच्या धर्तीवरचे, कोणालाही आपल्या यंत्रावर चालविता येईल असे 'ओपनसिम्युलेटर' २००७ पासून उपलब्ध आहे. लोकांचा ओढा तिकडे कमी, कारण जेथे माणसे आहेत तेथेच माणसे जातात. खोताच्या गावात बाजार भरतो म्हणून कूळ गाव सोडीत नाही. हीच खरी अडचण आहे.

'सिटी ऑफ हीरोज'चे उदाहरण अलीकडचे. दक्षिण कोरियाच्या एनसीसॉफ्ट कंपनीने ते ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केले. त्याआधी हजारो रहिवासी मशाली घेऊन तेथल्या चौकात उभे राहिले. कंपनीने ऐकले नाही. काही जणांनी गुप्तपणे त्याची प्रत जिवंत ठेवली होती, ती २०१९ मध्ये उघड झाली. आणि स्वयंसेवकांनी चालविलेल्या 'होमकमिंग' या गटाला जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने रीतसर परवाना दिला. म्हणजे सातबारा अजून कंपनीच्याच नावावर आहे. पण वहिवाट रहिवाशांची. तेथे प्रवेशाला मूल्य नाही. यंत्रांच्या भाड्याचा महिन्याचा हिशेब सर्वांसमोर मांडला जातो, रहिवासी वर्गणी देतात, आणि ठरलेली रक्कम जमली की त्या महिन्याची वर्गणी घेणे थांबते.